गाडी जागेवरून झटकन काढायची तर आधी क्लच समजून घे

अरे सगळ्यात पहिली चूक सगळे हीच करतात, आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) चढवायचा आणि क्लच एकदम सोडून द्यायचा. त्याने एकतर टायर जागेवर फिरत बसतात नाहीतर गाडी धक्का खाऊन बंद पडते, आणि मार बसतो तो ड्राइव्हशाफ्टला (चाकं फिरवणारा दांडा) आणि गिअरबॉक्सला.

आधी बाइट पॉइंट शोध. सपाट मोकळ्या जागेत पहिला गिअर टाक, रेस न देता क्लच हळूहळू सोड, जिथे गाडी किंचित पुढे ओढायला लागते तो पॉइंट. हे पायाला पाठ होईपर्यंत पुढचं काही करू नको, खरंच सांगतो.

मग साधारण २५०० ते ३००० आरपीएम धरून ठेव (डिझेल असेल तर २००० च्या आसपास पुरे, त्याला कमी आरपीएमलाच टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, मिळतो), क्लच पटकन बाइटपर्यंत आण आणि तिथे क्षणभर थोडा स्लिप होऊ दे, म्हणजे अर्धवट पकडीत घसरू दे, गाडी हलली की उरलेला सोडत सोडत रेस वाढवत जा. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये (इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते ती गाडी) निघताना वजन मागे जातं आणि पुढचे टायर हलके पडतात, म्हणून तिथे जास्त रेस म्हणजे नुसता धूर, टायर फिरले तर रेस थोडी कमी कर, क्लच परत दाबू नको.

दुसरा गिअर टाकताना घाई नको, मी एकदा खाचेत नीट बसायच्या आत क्लच सोडला होता, तो कर्रर्र आवाज अजून आठवतो.

जळका वास आला की थांब, क्लच गार होऊ दे. आणि हे सगळं बंद ट्रॅकवरच हां, सिग्नलला नाही.