वाचकांचे प्रश्न : मदरबोर्ड बदलण्यापूर्वी

प्रश्न : माझा डेस्कटॉप संगणक बराच जुना आहे. पावसाळ्यापासून तो सुरू करताना कधी पडद्यावर काहीच दिसत नाही आणि बीप-बीप असा आवाज येत राहतो. कधी सुरू होतो, पण तारीख भलतीच दाखवतो आणि काही वेळाने आपोआप बंद पडतो. दुरुस्ती करणाऱ्याने मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला दिला आहे. तत्पूर्वी घरी काही करता येईल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपण लिहिलेली तिन्ही लक्षणे एकाच बिघाडाची असतीलच असे नाही, मदरबोर्डच्या (सर्व भाग जोडणाऱ्या मुख्य पट्टीच्या) मानाने अगदी स्वस्त अशा तीन वेगळ्या कारणांनीही ती उद्भवू शकतात. म्हणून मदरबोर्डचा निर्णय सर्वांत शेवटी घ्यावा. मात्र कॅबिनेट उघडण्यापूर्वी, संगणक नीट चालत असेल त्या वेळी, महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात.

तारीख चुकते, याचा अर्थ बहुधा मदरबोर्डवरील सीआर 2032 ही 3 व्होल्टची चपटी बॅटरी संपली आहे. ती घड्याळाच्या दुकानातही मिळते. जुनी काढण्यापूर्वी बायोसमधील (संगणक सुरू होताना प्रथम चालणाऱ्या मूळ प्रणालीतील) डिस्कसंबंधीच्या सेटिंगचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे, कारण बॅटरी काढल्यावर त्या मूळ स्थितीला जाऊ शकतात आणि मग विंडोज सुरूच होत नाही. अशा वेळी नवी बॅटरीच सदोष निघाली असे वाटून अनेकजण उगाच घाबरतात.

बीपचे संकेत बायोसनुसार बदलतात, तरी पडदा कोरा राहून बीप वाजत राहिल्यास पहिला संशय रॅमवर (तात्पुरत्या स्मृतीच्या पट्टीवर) घ्यावा. कोकणातील दमट हवेत रॅमच्या पट्टीवरील संपर्कबिंदूंवर सूक्ष्म थर जमतो. वीजजोडणीची वायर काढून, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून ठेवावे. अंगातील स्थिर विद्युत निघून जावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा आणि मगच रॅम काढून तिचे संपर्कबिंदू पांढऱ्या मऊ खोडरबराने हलकेच पुसावेत. शाई खोडण्याचे खरखरीत रबर वापरू नये, त्याने सोनेरी मुलामा निघतो. खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये (रॅम बसवण्याच्या खाचेत) जाता कामा नये. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी, म्हणजे दोष पट्टीत आहे की स्लॉटमध्ये, हे कळते.

काही वेळाने बंद पडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे उष्णता. प्रोसेसरचे तापमान साधारण 100 अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की संगणक स्वसंरक्षणासाठी बंद होतो. सुरुवातीचे तापमान बायोसमध्येच पाहता येते. हीटसिंकमधील (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागातील) धूळ ब्रशने व हवेच्या झोताने काढावी, परंतु त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. प्रोसेसर व हीटसिंक यांमधील थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) वाळलेली असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावावी. अधिक लावल्याने काही लाभ होत नाही.

तापमान योग्य असूनही संगणक बंद पडत असेल, तर एसएमपीएसवर (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) संशय घ्यावा. तो मात्र घरी उघडू नये: आतील वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये 230 व्होल्टच्या विजेपासून झालेला सुमारे 325 व्होल्टचा भार, वायर काढल्यानंतरही काही काळ टिकून राहतो. ओळखीच्या माणसाकडून तेवढ्याच क्षमतेचा चालू एसएमपीएस आणून लावून पाहणे, ही सर्वांत खात्रीची चाचणी. एवढे करूनही दोष राहिला, किंवा मदरबोर्डवरील कपॅसिटरची टोके फुगलेली दिसली, तरच आपल्या दुरुस्ती करणाऱ्याचे म्हणणे मान्य करावे.

प्रश्न : हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येतो आणि फाइली उघडायला फार वेळ लागतो. चेकडिस्क चालवू का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आत्ता चालवू नये. चेकडिस्क ही विंडोजमधील डिस्क-तपासणी डिस्कचे बरेच वाचन करत असल्यामुळे आधीच थकलेल्या यंत्रणेवर ताण येतो. डिस्क अजून वाचली जात असेल तर प्रथम सर्वांत मौल्यवान फाइली, मग उरलेल्या, अशा क्रमाने उतरवून घ्याव्यात. टकटक सतत होत असेल आणि डिस्क संगणकाला दिसतच नसेल, तर वीज बंद करून ती डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्यावी. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जो उपाय सांगितला जातो, त्याने आत दव जमण्याचा धोका असतो. फाइली हाती आल्यावर नव्या हार्ड डिस्कऐवजी साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली, साटा जोडणीची वेगवान डिस्क) बसवावी. जुन्या संगणकाच्या वेगात याइतका फरक अन्य कोणत्याही भागाने पडत नाही.