बुडबुडे थांबले म्हणून बाटल्या भरू नका

प्रश्न : ताई, नमस्कार. पहिल्यांदाच घरी बिअर लावली आहे. दुकानातून किट आणलं : हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घातलेल्या माल्ट अर्काचा, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीच्या अर्काचा, १.७ किलोचा डबा, एक किलो साखर आणि यीस्टची पुडी. २३ लिटर पाण्याचा हिशेब धरून बादली भरली आणि गॅरेजमध्ये ठेवली. तेव्हा हायड्रोमीटर (द्रव पाण्याच्या किती पट जड ते दाखवणारी तरंगती काडी, साखर संपेल तसा आकडा उतरतो) १.०४० दाखवत होता. पहिले चार दिवस एअरलॉकमधून (वायू बाहेर सोडणाऱ्या, हवा आत न घेणाऱ्या झडपेतून) सारखे बुडबुडे येत होते. आज नववा दिवस. बुडबुडे पूर्ण बंद, हायड्रोमीटर १.०१६ वर. कच्च्या सफरचंदासारखा वास येतोय आणि बादलीला आतून, वरच्या अंगाला तपकिरी कडं धरलंय. बिघडली का? महिनाअखेरीस मित्र येणार आहेत, म्हणून शनिवारी बाटल्या भरायच्या म्हणतो. एक मित्र सांगतो, प्रत्येक बाटलीत चमचाभर साखर टाक. टाकू का?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : शनिवारी बाटल्या भरू नका. बाकी सगळं नंतर वाचलंत तरी चालेल, एवढं आधी पक्कं करा.

बिअर बिघडलेली नाही. ते तपकिरी कडं म्हणजे पहिल्या दिवसांत फेस वर चढून खाली बसला, त्याची खूण आहे. हॉप्सचा चीक आणि यीस्ट तिथे वाळून चिकटतं. प्रत्येक बादलीला ते धरतं. पृष्ठभागावर लोकरीसारखी बुरशी दिसली असती, तर गोष्ट वेगळी. कच्च्या सफरचंदाचा वास हा कोवळ्या बिअरचा वास आहे. यीस्ट साखरेचा अल्कोहोल करताना मधल्या टप्प्यावर हा वास सोडतं आणि वेळ मिळाला की पुन्हा स्वतःच तो खाऊन टाकतं. म्हणजे तुमचं नाकही तेच सांगतंय, काम अजून अर्धवट आहे.

आता आकडा. तुमच्या किटमध्ये किलोभर साधी साखर आहे आणि ती यीस्ट पूर्ण पचवतं. त्यामुळे १.०४० वरून निघालेली ही बिअर १.००८ च्या आसपास थांबायला हवी. १.०१६ आणि १.००८ यांत आठ अंकांचं अंतर आहे. आठ अंक म्हणजे लिटरमागे साधारण पंधरा-वीस ग्रॅम साखर अजून शिल्लक. बाटलीत फेस यावा म्हणून आपण मुद्दाम घालतो ती साखर लिटरला पाच-सहा ग्रॅम. तुम्ही शनिवारी भरलीत तर जवळजवळ तिप्पट साखर बाटलीत आधीच असेल आणि वर मित्राचा चमचा. यीस्ट त्या साखरेचा वायू करणार, बंद बाटलीत तो जाणार कुठे?

मी डर्बीला राहते. बारा वर्षांपूर्वी माझ्या दुसऱ्याच बॅचला मीही असेच बुडबुडे थांबलेले पाहून बाटल्या भरल्या होत्या. जिन्याखालच्या कपाटात ठेवल्या, मुलाच्या शाळेच्या बुटांशेजारी. तीन आठवड्यांनी रात्री अडीच वाजता आवाज झाला. मिनिटभरात दुसरा. सकाळी कपाट उघडलं तर दहा किलोच्या आट्याच्या पोत्यात बोटाएवढी काच रुतून बसली होती. प्लास्टिकचं पोतं आरपार फाडून आत गेलेली. ते बूट बरोबर पोत्याच्या पुढे होते. मुलगा रोज सव्वाआठला तिथे खाली बसून नाड्या बांधायचा. आटा टाकून दिला, कपाट रिकामं केलं, पण ती काच हातात धरल्यावर जे वाटलं ते अजून जात नाही. म्हणून घरी बिअर लावणाऱ्या प्रत्येकाला मी हेच आधी सांगते.

बुडबुडे का थांबले? गॅरेजमुळे. दिवसा ठीक असेल, रात्री थंडी पडली की यीस्ट बादलीच्या तळाशी बसून झोपतं. आपल्याकडे थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही, विरजण लागत नाही, तसंच हे. आणि एअरलॉकवर तसाही भरवसा ठेवू नये. झाकण नीट बसलं नसेल तर बुडबुडे न येताही आंबणं चालू असतं, आणि हवेचा दाब बदलला की काम संपल्यावरही एखादा बुडबुडा येतो.

बादली आजच घरात आणा. रात्रीही १८ ते २० अंश राहील अशी जागा बघा, रेडिएटरला चिकटून मात्र नको. आणताना झाकण न उघडता हलकेच गोल फिरवा, तळाचं यीस्ट वर येईल. मग चार दिवस हात लावू नका. नंतर दोन-दोन दिवसांनी हायड्रोमीटर लावा. तीन वेळा तोच आकडा आला आणि तो १.०१० च्या खाली असला, की समजा झालं. आठवडाभर उबेत ठेवूनही १.०१६ वरून हललीच नाही, तर एल यीस्टची (उबेत आंबवणाऱ्या बिअर-यीस्टची) नवी पुडी घाला.

हायड्रोमीटर वाचण्यातही चूक होते. नमुना नळीत घेतल्यावर काडी बोटांनी गर्रकन फिरवा. तिला वायूचे बारीक बुडबुडे चिकटतात, ते तिला उचलून धरतात आणि आकडा खोटा जास्त दिसतो. फिरवलं की ते सुटतात. नळी डोळ्यांच्या रेषेत धरा. काचेच्या कडेला द्रव जरा वर चढलेला दिसतो, तो नाही, मधली सपाट रेषा वाचायची. नमुना परत बादलीत ओतू नका, प्या. दर वेळी चव घेतली की सफरचंद कसं कमी होत जातं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

साखर बाटली-बाटलीत घालू नका. एक चमचा म्हणजे चार-पाच ग्रॅम होते, अर्ध्या लिटरच्या बाटलीला अडीच-तीन ग्रॅम पुरते. शिवाय प्रत्येक चमचा सारखा भरत नाही. १२० ग्रॅम साखर कपभर पाण्यात उकळा, गार करा, दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओता आणि बिअर नळीने त्यावर सोडा. नळीचं तोंड तळाला टेकलेलं असू द्या. वरून धार पडली की हवा मिसळते आणि महिन्याभरात बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास लागतो. तळाचा गाळ मागेच राहू द्या.

पहिल्या बॅचला काचेच्या बाटल्या घेऊच नका. तपकिरी प्लास्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या मिळतात. भरल्यावर दाबली की दबते, आठ-दहा दिवसांनी दगडासारखी घट्ट लागते. आत काय चाललंय ते हाताला कळतं. काच वापरायचीच असेल तर बिअरसाठीचीच, जाड आणि तपकिरी. पारदर्शक किंवा हिरव्या काचेतून उजेड शिरला की हॉप्समुळे उग्र वास येतो.

भरल्यावर दोन आठवडे घरातल्या उबेत, मग थंडाव्याला. थोडक्यात, मित्रांना पुढच्या महिन्यात बोलवा.

धुण्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, तरी सांगते. आधी स्वच्छ धुवायचं आणि मग निर्जंतुक करायचं, ही दोन वेगळी कामं आहेत. माझी आजी लोणच्याची बरणी धुऊन लगेच कधी भरायची नाही, दोन दिवस कडक उन्हात ठेवायची, तीच शिस्त इथे. बादलीला तारेची घासणी लावू नका, ओरखड्यांत जंतू दडतात. पुढच्या वेळी नळाच्या पाण्यात अर्धी कॅम्पडेनची (सल्फाइटची) गोळी विरघळवा. पाण्यातल्या क्लोरीनमुळे बिअरला दवाखान्यातल्या औषधासारखी चव येते, ती गोळीने टळते.

प्रश्न : घरी केलेली बिअर इथे ब्रिटनमध्ये कायदेशीर आहे ना? ऑफिसात थोडी विकली तर?
– एक वाचक, कोव्हेंट्री

उत्तर : स्वतःसाठी आणि घरच्या पाहुण्यांसाठी करा, परवाना लागत नाही. १८८० पासून लागत होता, १९६३ साली ती अट गेली. विकायची मात्र एक बाटलीसुद्धा नाही. वाटा हवी तितकी.

प्रश्न : भाचीने लंडनहून बिअरचं किट आणून दिलंय. पुण्यात घरी लावू का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नको. तुमच्याकडे महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, घरात आणि स्वतःपुरतं केलं तरी. ताज्या बिअरची चव घ्यायची असेल, तर पुण्यात परवाना असलेल्या मायक्रोब्रुअरी (जागेवरच बिअर करणारी छोटी ठिकाणं) आहेत, तिथे जा. तिथल्या ब्रूअरला विचारलंत तर टाक्या दाखवतीलही. डब्यातला अर्क हॉप्समुळे कडू असतो, पावात-केकात घालता येणार नाही. भाची पुढच्या खेपेला आली की न फोडता तिच्याबरोबर परत पाठवा. डब्यावर तारीख असते, तोवर टिकतो. यीस्टची पुडी तेवढी फ्रीजमध्ये ठेवा.