अर्ल स्क्रग्ज: वेगाच्या आधी काय ऐकायचं

प्रश्न दोन आहेत. ब्लूग्रासमध्ये, म्हणजे बँजो, फिडल (व्हायोलिन), गिटार अशा वाद्यांच्या अमेरिकी संगीतात, बँजोवादक अर्ल स्क्रग्जला एवढा मान का? आणि त्याची 'फॉगी माउंटन ब्रेकडाउन' ही धून ऐकून बँजो शिकायचं ठरवलं, तर थेट त्याच धुनेपासून सुरुवात करावी का? दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: नको. का नको, ते पहिल्या उत्तरातून आपोआप कळेल.

आधी वाद्याबद्दल. आपल्याकडे मिरवणुकीत वाजतो तो कळांचा बँजो बुलबुलतरंगाच्या घराण्यातला. त्याचा इथे संबंध नाही. विकत घेताना पाच तारांचा आणि मागे रेझोनेटर (आवाज पुढे फेकणारी लाकडी पाठ) असलेलाच मागा. चार तारांचा टेनर बँजो स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, कारण ही सगळी शैली पाचव्या तारेवर उभी आहे. ती तार आखूड असते, पाचव्या पडद्यापाशी स्वतःच्या खुंटीवर बसते आणि सतारीच्या चिकारीसारखी वरच्या सुरात सारखी छेडली जाते. पाश्चात्त्य 'जी' सुराला षड्ज धरलात तर चौथी तार मंद्र पंचम, तिसरी षड्ज, दुसरी गंधार, पहिली पंचम आणि पाचवी वरच्या सप्तकातला षड्ज. सुरांची ओळख असणाऱ्याला हे पाच मिनिटांत पाठ होतं.

स्क्रग्ज 1924 साली नॉर्थ कॅरोलायनातल्या क्लीव्हलँड काउंटीत, फ्लिंट हिल इथे जन्मला. चार वर्षांचा असताना वडील गेले. घरात भाऊ वाजवायचे. तीन बोटांनी वाजवायची पद्धत त्यानं शोधली असं सर्रास लिहिलं जातं, ते बरोबर नाही. त्या टापूत स्मिथ हॅमेट, स्नफी जेन्किन्स असे लोक त्याच्या आधीपासून तीन बोटांनी वाजवत होते. स्क्रग्जनं त्या पद्धतीला शिस्त लावली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो शेल्बीच्या सूतगिरणीत कामाला होता. डिसेंबर 1945 मध्ये तो गायक आणि मँडोलिनवादक बिल मन्रोच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या वाद्यवृंदात आला. त्याच्या आधी तिथे स्ट्रिंगबीन नावाचा वादक बँजो वाजवायचा. गाण्याइतकंच स्ट्रिंगबीनचं काम लोकांना हसवण्याचं. बँजोवाला म्हणजे विनोदी पात्र हा तोवरचा रिवाजच होता. स्क्रग्ज शांतपणे उभा राहून वाजवायचा आणि फिडलच्या तोडीचा एकल तुकडा घ्यायचा. सप्टेंबर 1946 मधली शिकागोची ध्वनिमुद्रणं ऐका. ब्लूग्रास म्हणून आज आपण जे ओळखतो, ते सगळं तिथे तयार आहे.

आता हात. अंगठ्यात प्लास्टिकची नखी, तर्जनी आणि मधल्या बोटात धातूच्या. अनामिका आणि करंगळी हेडवर, म्हणजे वाद्याच्या तोंडावर ताणलेल्या पातळ आवरणावर, टेकलेली. दोन्ही टेकत नसतील तर निदान एक तरी टेकवा, नाहीतर हात तरंगतो आणि प्रत्येक आघात वेगळ्या ताकदीचा पडतो. 'रोल' म्हणजे आठ समान मात्रांचा बोटांचा क्रम. फॉरवर्ड रोलमध्ये त्या आठांची विभागणी तीन-तीन-दोन अशी पडते, आणि चारच्या तालावर ही सरकती वजनं आली की ती खास उसळी येते. नियम एकच: एकच बोट लागोपाठ दोनदा वापरायचं नाही.

'फॉगी माउंटन'चा सुरुवातीचा रोल पाहा. तारा अशा: 2, 1, 2, 1, 5, 2, 1, 5. बोटं अशी: तर्जनी, मधलं, अंगठा, मधलं, अंगठा, तर्जनी, मधलं, अंगठा. दुसऱ्या तारेवरचे पहिले दोन आघात दुसऱ्या पडद्यावर होतात आणि लगेच डाव्या हाताचं बोट तिसऱ्या पडद्यावर आपटून सूर वर नेतं, म्हणजे तीव्र मध्यमावरून पंचम. पहिली मोकळी तारही पंचमच, त्यामुळे एकच सूर दोन तारांवर आलटून पालटून घुमतो. गोची इथेच होते. अंगठा दुसऱ्या तारेवर न्यायचा कंटाळा येतो, तिथे तर्जनीच परत वापरली जाते, आणि वेग वाढला की बोट अडखळतं. शिवाय आपटणं उशिरा पडलं तर आठ मात्रांची नऊ झाल्यासारखी वाटतात. म्हणून आधी 'क्रिपल क्रीक' ही सोपी धून घ्या. मेट्रोनोम 60 वर, ठोक्याला दोन आघात. आठही आघात सारखे ऐकू येईपर्यंत वेग वाढवू नका. पाचव्या तारेवरचा आघात हलका आणि मुख्य सुराच्या तारेवरचा ठळक, हे वजन जमलं की गाणं रोलमधून वर येतं. स्क्रग्जचं मोठेपण हेच आहे: कितीही वेगात असला तरी धून ओळखू येते.

'फॉगी माउंटन ब्रेकडाउन' त्यानं 11 डिसेंबर 1949 रोजी सिनसिनाटीत मुद्रित केली. तोवर तो आणि गायक-गिटारवादक लेस्टर फ्लॅट मन्रोला सोडून 'फॉगी माउंटन बॉइज' चालवत होते. त्या मुद्रणात एका जागी बँजो 'ई मायनर' कॉर्ड (स्वरसंघ) वाजवतो आणि फ्लॅटची गिटार 'ई मेजर'. साथीदाराबरोबर वाजवताना त्या जागी खटकलं तर आधी ठरवून घ्या, तुमचं काही चुकलेलं नाही. 1967 च्या 'बॉनी अँड क्लाइड' चित्रपटानं ती धून जगभर पोचवली.

त्याची 'फ्लिंट हिल स्पेशल' ही धून मात्र लगेच धरू नका. त्यात चालू वादनातच दुसरी आणि तिसरी तार उतरवून परत चढवायची असते. त्यासाठी स्क्रग्जनं जास्तीच्या खुंट्या बसवल्या, ज्या तारेला बाजूनं ढकलत. पुढे बँजोवादक बिल कीथनं थांबे असलेल्या खुंट्या काढल्या आणि काम सोपं झालं. साध्या खुंट्यांवर ते सुरात येणं कठीण.

बिघाडांपैकी नेहमीचा एकच सांगतो. बँजोची घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, चिकटवलेली नसते. सगळ्या तारा एकदम काढल्या की ती सरकते आणि वरचे पडदे बेसूर होतात. एकेक तार बदला. बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबून काढलेला सूर जुळेपर्यंत घोडी हलवा. आवाज मंद, फुगलेला येत असेल तर हेड सैल आहे. हेड ताणून धरणारे कडेचे सगळे हूक थोडे थोडे, समोरासमोरचे जोडीनं कसा.

आणि साथ. इथे बहुतेक जण स्क्रग्जला अर्धाच ऐकतात. गायक गात असताना तो उजवा हात गळ्याकडे सरकवून मऊ वाजवायचा, ओळ संपली की घोडीजवळ येऊन धारदार. हे कोणत्याही टॅबमध्ये (तारा-पडद्यांच्या आकड्यांतल्या लिपीत) लिहिलेलं नसतं, ऐकूनच उचलावं लागतं.

1969 मध्ये फ्लॅटशी फारकत झाली. स्क्रग्जला मुलांबरोबर विजेची वाद्यं घेऊन नवं वाजवायचं होतं, फ्लॅटला जुनंच हवं होतं. त्याच नोव्हेंबरात व्हिएतनाम युद्धाविरोधातल्या वॉशिंग्टनच्या सभेत तो वाजवायला गेला. ब्लूग्रासच्या जगात तेव्हा हे धाडसाचं होतं. पत्नी लुईझ त्याचं सगळं व्यवस्थापन बघायची, आणि महाविद्यालयांतल्या तरुण श्रोत्यांपर्यंत हे संगीत नेण्यात तिचा वाटा फार मोठा आहे. तो 2012 साली नॅशव्हिलमध्ये गेला.

अमेरिकी बँजोवादक बेला फ्लेक लहानपणी टीव्हीवर स्क्रग्जचा बँजो ऐकून या वाद्याकडे वळला. त्याच फ्लेकनं झाकिर हुसेन, एडगर मेयर आणि राकेश चौरसिया यांच्याबरोबर 2023 साली 'अ‍ॅज वी स्पीक' हा अल्बम केला. आपल्या कानाला सवयीची लय हवी असेल तर तो जरूर ऐका, पण रोल बसवताना 1946 ते 1952 मधलं स्क्रग्जचं वादनच समोर ठेवा.