आयोवातली दहा डॉलरची नोट

प्रश्न: माझे मामा बरीच वर्षं आयोवात होते. त्यांच्या पश्चात कागदपत्रांत १९२९ ची दहा डॉलरची नोट सापडली. शिक्का तपकिरी आहे आणि डावीकडे तिथल्या एका लहान गावच्या बँकेचं नाव छापलंय. नंबर एफ०००२१२ए. नोट खरी असेल का? चुरगळली आहे, इस्त्री करून लॅमिनेट करू का? — एक वाचक, सांगली

उत्तर: इस्त्री अजिबात नको, आणि लॅमिनेशनचं तर नावही काढू नका!

गावच्या बँकेचं नाव पाहून शंका घेऊ नका. १८६३ पासून १९३५ पर्यंत अमेरिकेत हजारो बँका स्वतःच्या नावाच्या नोटा काढत. बँकेने सरकारी रोखे तारण ठेवायचे, सरकारने नोटा छापून द्यायच्या. त्यामुळे बँक बुडाली तरी नोट बुडत नसे.

नोटेच्या दोन्ही बाजूंना काळ्या शाईतला मोठा आकडा शोधा. तो त्या बँकेचा चार्टर नंबर, म्हणजे सरकारने दिलेल्या परवान्याचा क्रमांक. आयोवातल्याच डॅव्हनपोर्टच्या बँकेचा होता १५. ती २९ जून १८६३ ला उघडली.

तुमचा नंबर मात्र मी दोनदा वाचला. तेव्हा एका तावावर सहा नोटा छापत. सहाही नोटांचा आकडा एकच, आकड्याआधीचं अक्षर तेवढं ए ते एफ. आणि प्रत्येक बँकेचे आकडे एकपासून सुरू होत. म्हणजे तुमची नोट त्या बँकेच्या २१२ व्या तावावरची सहावी!

इस्त्रीबद्दल इतकं कळकळीने सांगतोय, कारण सुरुवातीला मी एका विक्रेत्याकडून 'कोरी करकरीत' म्हणून घेतलेली नोट धुऊन इस्त्री केलेली निघाली. कोऱ्या नोटेच्या मागच्या बाजूला नंबरांचा दाब बोटाला जाणवतो. माझ्या नोटेची पाठ सपाट, गुळगुळीत होती. तेव्हापासून मी आधी नोट उजेडात तिरकी धरतो. तुमच्या नोटेवरच्या घड्या खऱ्या आहेत, राहू द्या. पीव्हीसी प्लास्टिक नसलेल्या, मायलरच्या (पारदर्शक पॉलिएस्टरच्या) पाकिटात ठेवा.

ती आजही अमेरिकेत दहा डॉलरला चालेल, पण मोडू नका. हिची किंमत ठरते त्या बँकेच्या किती नोटा शिल्लक आहेत यावर. मोठ्या शहरातल्या बँकांच्या पुष्कळ सापडतात, लहान गावच्या कधीकधी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

खाली बँकेच्या कॅशियरची आणि अध्यक्षांची सही छापलेली असेल, ती नावं उतरवून घ्या. मामांच्या कागदांत त्या गावचा पत्ता असलेलं एखादं पत्र किंवा पावती मिळाली, तर तीही नोटेसोबतच जपा.