कशाच्या तुलनेत?

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझा प्रयोग असा: साठी उलटलेली, वजन जास्त असलेली माणसं, रोज एक ग्लास संत्र्याचा रस, आणि शेवटी धमनी किंचित जास्त रुंदावली. ‘आता रस चांगला म्हणायचा की वाईट?’ हा तुझा प्रश्न. माझा एकच उलट प्रश्न आहे: कशाच्या तुलनेत?

पाण्याच्या? अख्ख्या फळाच्या? की तितकीच साखर असलेल्या, पण हेस्पेरिडिन, म्हणजे संत्र्यातलं एक वनस्पतिजन्य द्रव्य, नसलेल्या पेयाच्या? २५० मिली रसात साधारण वीसेक ग्रॅम साखर असते. रक्तातलं ग्लुकोज झपाट्याने चढलं की रक्तवाहिनीचं आतलं अस्तर काही तास नायट्रिक ऑक्साइड, म्हणजे वाहिनी सैल करणारा वायू, कमी सोडतं. फळातली फ्लेव्होनॉइड्स, म्हणजे हेस्पेरिडिनसारखी द्रव्यं, त्याच अस्तराला मदत करतात असं आपण मानतो. म्हणजे एकाच ग्लासात दोन्ही बाजूंची ओढ. साखर जुळवली नाहीस तर कुठली ओढ मोजलीस हे तुलाच सांगता येणार नाही.

आणि मोजमाप केवढं नाजूक! हाताला पट्टा ५ मिनिटं आवळून सोडायचा आणि दंडातली धमनी किती रुंदावते ते पाहायचं. धमनी ४ मिलिमीटरची असेल तर एक टक्का म्हणजे ०.०४ मिलिमीटर. सोनोग्राफीच्या पडद्यावर मापाची रेघ ओढणाऱ्याला कोण काय पितंय हे ठाऊक होतं का? तुझ्या पत्रात यावर एक ओळ नाही. रागावले मी, खरंच रागावले.

कारण हे मी करून बसले आहे. माझ्या पहिल्या प्रयोगात तुलनेचा गटच नव्हता. आधी मोजलं, नंतर मोजलं, फरक रसाच्या नावावर टाकला. ती माणसं त्या काळात जास्त चालू लागली होती, गोळ्या वेळेवर घेत होती. शेवटच्या दिवशी एक आजी म्हणाल्या, “आता फळांऐवजी हाच घेत जाऊ ना?” मी हो म्हटलं. जागतिक आरोग्य संघटना रसातली साखर मुक्त साखरेत मोजते, अख्ख्या फळातली नाही. मुक्त साखर रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली ठेवा म्हणते. त्या आजींना मी नेमकं उलट सांगितलं.

पुढे एका प्रयोगाचा खर्च उचलणाऱ्यांना निष्कर्षात ‘हृदयासाठी हितकर’ हवं होतं. आमची तुलना फक्त पाण्याशी होती, म्हणून मी सही केली नाही. पैसे गेले, दोन सहकारी तुटले, मला हेकट म्हणाले. आजही सही करणार नाही. धमनी दोन तास रुंदावली म्हणजे झटका टळला, असं कुठल्या तोंडाने लिहायचं?

पुढच्या वेळी ग्रेपफ्रूट घ्यायचा विचार आहे म्हणतेस. त्याआधी प्रत्येकाच्या गोळ्या विचार. रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या काही औषधांचं रक्तातलं प्रमाण त्याने वाढतं, आणि या वयात त्या गोळ्या घरोघरी असतात.

तुझे आकडे फेकू नकोस. जे आहे ते, ज्याच्याशी तुलना केलीस त्याच्या नावासकट लिही. सोमवारी वही घेऊन ये. तुलनेच्या पेयात काय काय होतं ते पहिल्या पानावर, ग्रॅममध्ये.

तुझी,
बाई