स्प्रिंग बदललेल्या रिव्हॉल्व्हरचा भरवसा कधी धरावा?

प्रश्न : मी अमेरिकेत, ओहायो राज्यात राहतो. माझ्या स्मिथ अँड वेसन ६८६ रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर फार जड वाटे, म्हणून मी मुख्य स्प्रिंग (हॅमरला, म्हणजे काडतुसावर ठोका मारणाऱ्या घोड्याला, जोर देणारी) आणि रिबाउंड स्प्रिंग (दाबलेला ट्रिगर पुन्हा पुढे आणणारी) या दोन्ही हलक्या बसवल्या. रेंजवर कारखान्याची ५० काडतुसे झाडली. त्यांतली दोन पहिल्या ठोक्याला उडाली नाहीत, दुसऱ्या ठोक्याला उडाली. घरात संरक्षणासाठी हे हत्यार ठेवावे का?

उत्तर : सध्या ठेवू नये. दुसऱ्या ठोक्याला उडालेले काडतूस बहुधा हेच सांगते की पहिला ठोका कमी पडला. घरी स्वतः बनवलेल्या काडतुसांत प्रायमर (ठोका बसताच पेटणारी, काडतुसाच्या बुडातली छोटी टोपी) पुरता खाली बसलेला नसला तरी असे होते, पण आपली काडतुसे कारखान्याची असल्याने संशय आधी स्प्रिंगवर घ्यावा.

प्रथम मुठीच्या पुढच्या कडेला, खालच्या टोकाशी असलेला स्क्रू पाहा. मुख्य पट्टी-स्प्रिंगला ताण देणारा हा स्क्रू शेवटपर्यंत आवळलेला हवा. ट्रिगर हलका व्हावा म्हणून काही जण तो मुद्दाम सैल ठेवतात. गोळीबाराच्या हादऱ्यांनी तो आणखी सैल होतो, त्यामुळे ही युक्ती मला कधीच पटलेली नाही.

मग चाचणी नव्याने घ्यावी आणि ती संपूर्ण डबल ॲक्शनमध्येच, म्हणजे हॅमर हाताने न ओढता फक्त ट्रिगर दाबून घ्यावी. डबल ॲक्शनमध्ये हॅमर सिंगल ॲक्शनइतका (म्हणजे आधी हाताने ओढल्याइतका) मागे जाण्याआधीच सुटतो व त्याचा मार हलका पडतो, म्हणून हॅमर हाताने मागे ओढून झाडलेल्या गोळ्या या कामी हिशेबात धरू नयेत. घरात संरक्षणासाठी रिव्हॉल्व्हरमध्ये जी काडतुसे ठेवणार असाल तीच वापरावीत. फेडरल या कंपनीचे प्रायमर मऊ आणि सीसीआय या कंपनीचे कडक असल्याने एकावर उत्तम चालणारी स्प्रिंग दुसऱ्यावर दगा देऊ शकते.

सहाही चेंबरांना (फिरत्या सिलिंडरमधल्या, काडतुसे बसतात त्या भोकांना) मार्करने क्रमांक द्यावेत आणि रिकाम्या पुंगळ्या त्याच क्रमाने टेबलावर मांडाव्यात. न उडालेल्या काडतुसाच्या प्रायमरवरचा खड्डा उथळ, बशीसारखा दिसला तर मार कमी पडला असे समजावे. चूक एकाच चेंबरमध्ये पुन्हा पुन्हा होत असेल, तर स्प्रिंगला दोष देण्याआधी ते चेंबर आणि एजेक्टरखालची (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या भागाखालची) काजळी तपासावी. काडतूस उडाले नाही तर नळी लक्ष्याकडेच रोखून किमान ३० सेकंद थांबावे. ते उशिरानेही उडू शकते.

किती झाडावीत? एकही चूक न होता ५० झाली, तरी चुकण्याचे खरे प्रमाण ६ टक्क्यांपर्यंत असू शकते. ३०० झाली तर ही कमाल १ टक्क्यावर येते. (तीनला काडतुसांच्या संख्येने भागावे, ९५ टक्के खात्रीचा हा ढोबळ हिशेब आहे.) खर्च जड वाटल्यास तोच प्रायमर असलेली स्वस्त .३८ स्पेशल काडतुसे (या रिव्हॉल्व्हरच्या .३५७ मॅग्नम काडतुसापेक्षा थोडी आखूड) याच्यात चालतात. शेवटची ५० मात्र खऱ्या वापरातलीच असावीत.

रिबाउंड स्प्रिंगची परीक्षा वेगळी. सिलिंडर रिकामे असल्याची दोनदा खात्री करून ट्रिगर पूर्ण दाबावा आणि बोट अगदी सावकाश सैल करत जावे. ट्रिगर कुठेही न रेंगाळता आपोआप पुढे आला पाहिजे. बराच गोळीबार होऊन आत काजळी साचल्यावर हेच पुन्हा पाहावे, कारण नुकत्याच पुसलेल्या हत्यारात अशक्त स्प्रिंगही निभावून जाते.

या फेरीत मार कमी पडल्याचे एकदा जरी दिसले, तरी मूळ मुख्य स्प्रिंग परत बसवावी आणि मोजणी एकपासून सुरू करावी. रिबाउंड स्प्रिंग आपल्या परीक्षेत उतरली असेल तर ती हलकीच राहू द्यायला हरकत नाही. जुनी स्प्रिंग टाकून दिली नसेल, अशी आशा आहे.