१५ किलो गटाच्या लढाऊ रोबोची चेसिस ॲल्युमिनियम वेल्ड करून बनवावी का? आम्ही देवगडचे, आणि सीनियर म्हणतात कोकणात धड वेल्डिंग होत नाही, पुण्यालाच जा.

फक्त चेसिसचं विचारलं असतंत तर दोन ओळींत सांगून मोकळी झाले असते. पण ते सीनियरचं वाक्य मी सहा वर्षांपूर्वी पुण्याहून परतताना एसटीत ऐकलंय, आणि ते माझ्या बाबांबद्दल होतं.

बाबांचं मालवणात बंदराजवळ वेल्डिंगचं दुकान आहे. ट्रॉलरचे विंच, नांगर, प्रोपेलरचे गार्ड, डिझेलच्या टाक्या ही त्यांची रोजची कामं. मी तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या टीमचा रोबो तिथेच जोडला. कॅप्टनने ड्रॉइंग आणलं: ६०६१-टी६ (उष्णता देऊन कडक केलेला मिश्रधातू) ॲल्युमिनियमच्या ८ मिलिमीटर प्लेटा, चारही कोपरे टिग वेल्ड (ॲरगॉन वायूच्या आच्छादनात केलेलं), पुढे ड्रम, म्हणजे समोरच्यावर आदळणारा फिरता दंडगोल. बाबांनी प्लेट हातात घेऊन नखाने वाजवली आणि मला म्हणाले, "बाय, ह्येका ताप दिलो तर ह्येचा पाणी उतारतला. बोल्टान आवळा." पाणी म्हणजे धातूला दिलेला कडकपणा.

कॅप्टनचं म्हणणं, भोकं पाडली की प्लेट कमजोर होते, वेल्ड केलं की सगळं एकजीव. बाबा वादात पडले नाहीत. ड्रॉइंग आमचं, काम त्यांचं. ४०४३ची फिलर रॉड (वितळून सांधा भरणारी कांडी) आणि ॲरगॉनचं सिलिंडर घेऊन रात्री अकरापर्यंत बसून त्यांनी चारही कोपरे भरून दिले. पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्याच लढतीत समोरच्याचा ड्रम आमच्या डाव्या कोपऱ्यावर बसला. कोपरा उघडला आणि बॅटरी वायरींवर लोंबकळत बाहेर आली. परतीच्या गाडीत कॅप्टन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गावठी वेल्डिंग. पुण्यात केलं असतं तर टिकलं असतं." मी काहीच बोलले नाही. ते मला आजही सलतं.

तुटलेला कोपरा मी घरी आणला. बाबांनी तो उजेडात धरला. वेल्डचा टाका जसाच्या तसा होता, माशाच्या खवल्यांसारखा एकावर एक, कुठे छिद्र नाही की भेग नाही. फाटली होती ती प्लेट, टाक्यापासून सात-आठ मिलिमीटर लांब, टाक्याला समांतर. मग त्यांनी स्प्रिंगचा सेंटर पंच काढला. हा पंच दरवेळी सारख्याच जोराने ठोका देतो. एक ठोका प्लेटच्या मधोमध मारला, एक फाटलेल्या काठाशी. मधला खड्डा मोहरीहून बारीक. काठाजवळचा सरळ दिसण्याइतका रुंद, आणि नख फिरवलं की अडकत होतं. तोच पंच, तीच प्लेट, पण काठाशी धातू मऊ. बाबा म्हणाले, "बघ." आणि पंच परत खणात ठेवला.

याचं कारण पुस्तकातही आहे. टी६ म्हणजे ६०६१ला सुमारे ५३० अंशांपर्यंत तापवून पाण्यात विझवतात आणि मग १६०-१७५ अंशांवर कित्येक तास ठेवतात. त्यातून जी ताकद येते ती सुमारे २७५ मेगापास्कल यील्डची, म्हणजे इतक्या ताणापर्यंत धातू कायमचा वाकत नाही. वेल्डच्या आचेने टाक्याच्या दोन्ही बाजूंना साधारण इंचभर पट्ट्यात ही कमाई जाते आणि यील्ड निम्म्याच्याही खाली येतं. वेल्डर पुण्याचा असो की जर्मनीचा, हा पट्टा मऊ पडणारच. वेल्ड झाल्यावर अख्ख्या चौकटीला परत हीट ट्रीटमेंट देता येते, पण चौकट पिळवटते आणि मग बेअरिंगची भोकं एका रेषेत राहत नाहीत. लोहार कोयत्याला पाणी पाजतो, आणि तोच कोयता पुन्हा आगीत पडला की धार धरत नाही. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

म्हणून तुम्हाला सांगते, १५ किलोत ६०६१ वेल्ड करू नका. बोल्टने जोडा. आणि स्टीलच्या मोहातही पडू नका. ५ मिलिमीटर एमएसची (माइल्ड म्हणजे साध्या स्टीलची) एक चौरस मीटर प्लेट ३९ किलोच्या वर भरते. १० मिलिमीटर ॲल्युमिनियम २७ किलो, आणि वाकायला ते जवळजवळ पावणेतीन पट कडक, कारण कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. तेव्हा बाजूच्या प्लेटा १० मिलिमीटरच्या घ्या. कोपऱ्यात २५ मिलिमीटरचा चौकोनी ॲल्युमिनियम बार उभा ठेवून दोन्ही बाजूंनी एम६ बोल्ट मारा, वरखाली हुकवून, म्हणजे आत एकमेकांना भिडणार नाहीत. आटे किमान १२ मिलिमीटर खोल हवेत, ॲल्युमिनियमचे आटे लवकर निघतात. भोकाचं केंद्र प्लेटच्या काठापासून किमान १२ मिलिमीटर आत. जमलं तर सुतार दाराच्या चौकटीला कुसू करतो तशी एका प्लेटची जीभ दुसरीच्या खाचेत बसवा. मग फटका प्लेट खाते, बोल्टने फक्त आवळून धरायचं.

ड्रमचा शाफ्ट धरणाऱ्या दोन प्लेटा पुढून मागपर्यंत एकसंध ठेवा. तुम्ही समोरच्याला जितका दणका देता तितकाच त्या शाफ्टमधून तुमच्या चेसिसला बसतो. तिथे जोड दिलात तर तुमच्याच फटक्याने तो सैल होईल. आणि खालची प्लेट म्हणजे नुसतं झाकण समजू नका. ती दर चार-पाच सेंटिमीटरवर बोल्टने घट्ट बसली नाही तर चौकट कोपऱ्यांवर पिळून तिरकी होते आणि चाकं घासायला लागतात. ३ मिलिमीटर ॲल्युमिनियम तिथे पुरतं.

कॅप्टनचा भोकांचा मुद्दा राहिला. भोकाने फक्त भोकाच्या रेषेतली प्लेट कमी होते, आणि ती किती कमी होते ते आधी मोजता येतं. दुसऱ्या वर्षी आम्ही तोच रोबो बोल्टवर बांधला, ड्रिलिंग आणि टॅपिंग (भोकात आटे पाडणं) बाबांच्याच दुकानात. पाच लढती खेळलो. प्लेटांवर बोट मावेल असे खळगे पडले, पण एकही कोपरा उघडला नाही. तेव्हा कॅप्टन पास होऊन गेला होता. मी त्याला दोन्ही खड्ड्यांचा फोटो पाठवला होता, उत्तर आलं नाही. हे वाचत असेल तर त्याने बाबांना एक फोन करावा, नंबर तोच आहे.

वेल्डच करायचं असेल तर एमएसचा चौकोनी पाइप घ्या. साध्या स्टीलचं असं पाणी उतरत नाही. ३०-६० किलोच्या गटात मी स्वतः तेच करेन. पण जून ते सप्टेंबरमध्ये ७०१८ रॉड (स्टीलच्या वेल्डिंगच्या कांड्या) उघड्या ठेवू नका, आपल्या हवेत ओल धरतात आणि टाक्यात छिद्रं किंवा तडे येतात. बाबा त्या पत्र्याच्या पेटीत बल्ब पेटवून ठेवतात, आणि जाड कामाला लावण्याआधी भट्टीत तापवून घेतात. तुमच्या वेल्डरच्या दुकानात अशी पेटी दिसली तर बिनधास्त काम द्या, तो देवगडचा असला तरी.

कापायला मात्र बाहेर जावं लागेल, तिथे तुमच्या सीनियरचं बरोबर आहे. पण पुणं कशाला? फोंडा घाटाने कोल्हापूर जवळ पडतं, आणि शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत ड्रॉइंग फाइल दिली की प्लेटा कापून मिळतात. जोडणी घरी करा.

लिहायचं राहिलं: ॲल्युमिनियममध्ये स्टीलचा बोल्ट आणि वर खारी हवा, म्हणजे सहा महिन्यांत पांढरी भुकटी आणि जाम झालेले आटे. प्रत्येक बोल्टला ग्रीस लावा. थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावणार असाल तिथे ग्रीस नको, आणि वरचं झाकण पॉलिकार्बोनेटचं असेल तर थ्रेडलॉकर त्याला लागू देऊ नका, तडे जातात. १-२ किलोच्या छोट्या गटाला यातलं बरंचसं लागू नाही. आणि ड्रमला लॉक पिन घातल्याशिवाय बॅटरी जोडू नका.